वेबसाइट कोणासाठी: दुकानातल्या संगणकासाठी की ग्राहकाच्या मोबाईलसाठी?

शहाद्याहून एका व्यावसायिकांनी विचारले आहे: "आमचे ठिबक संच, पाइप आणि मोटारपंपांचे दुकान आहे. २०१३ मध्ये वेबसाइट करून घेतली. दुकानातल्या संगणकावर ती आजही चांगली दिसते. आता एक डिझायनर म्हणतात की मोबाईलसाठी ती नव्याने करावी लागेल. वडिलांचे म्हणणे असे की, ज्याला माल घ्यायचा आहे तो फोन करतोच, शिवाय व्हॉट्सअ‍ॅप आहेच. हा खर्च खरोखर गरजेचा आहे का? आणि करायचाच असेल तर त्यापेक्षा अ‍ॅप का करू नये?"

नमस्कार. खर्च गरजेचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यातले कोणते काम खरोखर उपयोगाचे आणि कोणते केवळ दिखाऊ, हे समजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मी गेली सोळा-सतरा वर्षे जळगावात राहून खान्देशातल्या व्यापाऱ्यांच्या आणि लहान कारखानदारांच्या वेबसाइट तयार करतो आहे. "दुकानातल्या संगणकावर चांगली दिसते" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की अडचण नेमकी त्यातच असते हे आता अनुभवाने सांगू शकतो. त्या संगणकावर ती वेबसाइट पाहणारे आपण एकटेच आहात. ग्राहक ती पाहतो वेगळ्या जागी, वेगळ्या यंत्रावर आणि बहुधा अडचणीच्या वेळी.

तो ग्राहक आधी डोळ्यांसमोर आणू. वैशाखातली दुपार आहे. तळोद्याच्या किंवा धडगावच्या बाजूच्या एखाद्या शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार जळाली आहे, केळीची किंवा पपईची बाग उभी आहे, आणि शेतीची वीज पाळीने मिळत असल्यामुळे पुढच्या पाळीच्या आत मोटार बसली नाही तर झाडांना आणखी एक दिवस पाण्यावाचून काढावा लागणार आहे. तो विहिरीच्या काठावरच मोबाईल काढतो आणि गुगलला बोलून किंवा लिहून विचारतो, की शहाद्यात मोटारपंपाचे दुकान कोणते. त्याला चार गोष्टी हव्या असतात: दुकान आत्ता उघडे आहे का, पाच एचपीची पाणबुडी मोटार शिल्लक आहे का, साधारण किती पैसे घेऊन निघावे, आणि बोलायचे कोणाशी. या चार गोष्टी अर्ध्या मिनिटात कळल्या तर तो आपल्याला फोन करील. कळल्या नाहीत तर तो मागे जाऊन यादीतले पुढचे दुकान उघडील, आणि असा एक ग्राहक येऊन गेला होता हे आपल्याला कधीच समजणार नाही. वडील म्हणतात ते खरे आहे, ज्याला माल घ्यायचा तो फोन करतो. परंतु तो फोन ज्या दुकानाचा नंबर बोटाखाली सापडतो त्या दुकानाला जातो. ओळखीच्या जुन्या ग्राहकाला आपली वेबसाइट लागत नाही. ती लागते ज्याला आपण ठाऊक नाही त्याला, म्हणजे नंदुरबार जिल्ह्याच्या कडेच्या गावातल्या किंवा सीमेपलीकडच्या खेतिया-पानसेमलच्या माणसाला.

त्या माणसाला आपले पान कसे दिसत असेल, ते थोडे खोलात जाऊन सांगतो. २०१३ च्या सुमारास आपल्याकडे तयार होणाऱ्या बहुतेक वेबसाइट सुमारे १,००० पिक्सेल रुंदीच्या पडद्यासाठी बेतलेल्या असत. २००७ साली पहिला आयफोन आला, तेव्हा जगातली बहुतेक पाने अशाच रुंद पडद्यांसाठी होती, म्हणून अ‍ॅपलने एक तोडगा काढला. मोबाईलचा ब्राउझर आपली रुंदी ९८० पिक्सेल आहे असे पानाला भासवतो, तेवढ्या रुंदीत सगळी मांडणी करून घेतो आणि मग ते पूर्ण पान आकसून लहान पडद्यात बसवतो. पुढच्या ब्राउझरांनीही हीच रीत उचलली. आजच्या सामान्य अ‍ॅण्ड्रॉइड मोबाईलची मांडणीपुरती रुंदी ३६० ते ४१२ पिक्सेल धरली जाते. म्हणजे ९८० पिक्सेलचे पान ३६० मध्ये बसवताना १४ पिक्सेलचे अक्षर जेमतेम पाच पिक्सेलचे उरते. मग वाचणारा दोन बोटांनी पान मोठे करतो, ओळ संपेपर्यंत उजवीकडे सरकवतो, पुढच्या ओळीसाठी पुन्हा डावीकडे आणतो. आपल्याकडे मोटारींचा तक्ता असेल, त्यात मॉडेल, एचपी, स्टेज, हेड, पाण्याचा विसर्ग आणि किंमत असे सहा रकाने असतील, तर शेवटच्या रकान्यातली किंमत पाहताना पहिल्या रकान्यातले मॉडेल पडद्याबाहेर गेलेले असते. दरपत्रक पीडीएफमध्ये ठेवले असेल तर अवस्था याहून वाईट, कारण ए-फोर कागदासाठी मांडलेले पान मोबाईलच्या रुंदीप्रमाणे स्वतःला बदलून घेत नाही.

यावरचा उपाय जुनाच आहे. ईथन मार्कोट या अमेरिकन डिझायनरने २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' ही कल्पना मांडली. वेबसाइट एकच ठेवायची, परंतु पडद्याची रुंदी ओळखून तिने आपली मांडणी बदलायची: रुंद पडद्यावर तीन रकाने शेजारी शेजारी, अरुंद पडद्यावर तेच एकाखाली एक. यासाठी पानाच्या सुरुवातीला ब्राउझरला खरी रुंदी वापरण्यास सांगणारी 'व्ह्यूपोर्ट'ची एक ओळ लागते. इथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. केवळ ती एक ओळ घालून "मोबाईलचे काम झाले" असे सांगणारे लोक मी पाहिले आहेत. मांडणी तशीच ठेवून ती ओळ घातली तर अक्षरे मोठी होतात, पण पान पडद्याबाहेर सांडते. खरे काम मांडणी नव्याने लावण्यात आहे, आणि त्यालाच वेळ लागतो. आपल्या मोटारींच्या तक्त्याचेच पाहा. मोबाईलवर तो तक्ता राहूच नये. प्रत्येक मोटारीचा स्वतंत्र चौकट-भाग असावा, वर एचपी आणि किंमत ठळक, खाली हेड व विसर्ग, आणि लगेच चौकशीचे बटण. मोबाईलसाठी अगदी निराळी, दुसऱ्या पत्त्यावरची वेबसाइट करण्याची पद्धत एके काळी होती. ती स्वीकारू नका. दोन ठिकाणी माहिती ठेवली की एका ठिकाणचा भाव बदलतो आणि दुसरीकडे मागच्या हंगामाचाच राहतो.

आता गुगलविषयी, कारण नवखा ग्राहक बहुतेक वेळा तिथूनच येतो. २१ एप्रिल २०१५ पासून गुगलने मोबाईलवर केलेल्या शोधात मोबाईलला साजेशा पानांना प्राधान्य द्यायला सुरुवात केली. पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांनी याहून मोठा बदल जाहीर केला, तो असा की पानांची नोंद घेतानाच संगणकावरचे रूप बाजूला ठेवून मोबाईलवरचे रूप पाहायचे. जुलै २०१९ पासून सर्व नव्या वेबसाइटना हा नियम लागू झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये हे स्थित्यंतर पूर्ण झाल्याचे त्यांनी कळवले, आणि ५ जुलै २०२४ नंतर उरल्यासुरल्या वेबसाइटचीही तपासणी मोबाईलच्याच नजरेने होऊ लागली. याचा अर्थ जुनाट दिसणारी प्रत्येक वेबसाइट गुगल काढून टाकते असा कोणी सांगत असेल तर ते भीती घालणे आहे. जी वेबसाइट मोबाईलवर मुळीच उघडत नाही, तिचीच नोंद होणे थांबते. परंतु दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मोबाईलवर जागा कमी म्हणून मजकूर गाळला, उदाहरणार्थ संगणकावर ठिबकाच्या १६ आणि २० मिलिमीटर लॅटरलची, म्हणजे झाडांजवळून जाणाऱ्या नळ्यांची, पूर्ण माहिती आणि मोबाईलवर नुसता फोटो, तर गुगलच्या दृष्टीने ती माहिती आपल्या वेबसाइटवर नाहीच. यावरून एक गोष्ट लक्षात येईल: दुकानातल्या संगणकावर दिसणारे ते रूप आता आपला नवा ग्राहक पाहत नाही आणि गुगलही पाहत नाही.

यानंतर येतो वेग, आणि माझ्या अनुभवात खान्देशातल्या वेबसाइटचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते. २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि गावोगावी पोहोचला, हे खरे. पण सातपुड्याच्या पायथ्याला आणि डोंगरातल्या वस्त्यांवर रेंज आजही सगळीकडे सारखी नाही. मोबाईलने काढलेला एक फोटो सहज ४ एमबीचा असतो. दुकानदार तो व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवतो आणि डिझायनर जसाच्या तसा वेबसाइटवर चढवतो. रेंज कमी असताना सेकंदाला १ मेगाबिट इतकाच वेग मिळत असेल, तर त्या एका फोटोला ३२ सेकंद लागतात (एक एमबी म्हणजे आठ मेगाबिट), आणि पहिल्या पानावर असे पाच-सहा फोटो असतात. तोच फोटो १,००० पिक्सेल रुंदीचा करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात साठवला तर साधारण १०० केबीचा होतो आणि त्याच रेंजमध्ये सेकंदाच्या आत उतरतो. मोबाईलच्या पडद्यावर डोळ्यांना फरक जाणवत नाही. हे काम कोणत्याही डिझायनरला अर्ध्या दिवसात जमते. त्याचबरोबर खालच्या भागातले फोटो वाचणारा तिथवर पोहोचेपर्यंत उतरवूच नयेत, अशी सोय ब्राउझरमध्येच असते, ती वापरण्यास सांगावे. वरचा पहिला फोटो मात्र त्या सोयीत घालू नये, नाहीतर तोच उशिरा दिसतो.

गुगलने यासाठी तीन मापे ठरवली आहेत, आणि ती व्यवहाराला धरून आहेत असे मला वाटते. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा. बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत पडद्याने प्रतिसाद द्यावा. आणि पान उतरत असताना मजकुराच्या इकडेतिकडे सरकण्याचे माप ०.१ च्या आत राहावे. प्रत्यक्ष भेटींपैकी किमान ७५ टक्के भेटींमध्ये हे साधले तर पान चांगले मानले जाते. तिसरे माप क्षुल्लक वाटेल. पण 'फोन करा' या बटणाकडे बोट नेत असतानाच वर एखादी जाहिरातपट्टी उतरते, सगळे खाली ढकलले जाते आणि बोट भलत्याच ठिकाणी पडते, हा अनुभव आपणही घेतला असेल. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवली तर ब्राउझर जागा राखून ठेवतो आणि हे टळते. दुसऱ्या मापाला धक्का लागतो तो आपोआप फिरणारी चित्रे, उघडताक्षणी पडदा झाकणाऱ्या खिडक्या आणि हिमवर्षावासारख्या सजावटींमुळे. स्वस्त मोबाईलच्या प्रोसेसरला हे ओझे पेलत नाही. हे सगळे काढून टाकण्यास सांगा. ग्राहकाची त्यामुळे काहीही गैरसोय होणार नाही.

उन्हाविषयी सहसा कोणी बोलत नाही, म्हणून मी मुद्दाम बोलतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात मोबाईल तापतो आणि स्वतःला जपण्यासाठी पडद्याचा उजेड आपणहून कमी करतो. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे, किंवा पिवळ्या पट्ट्यावर पांढरी अक्षरे, ही रंगसंगती वातानुकूलित खोलीत देखणी दिसते आणि शेतात अदृश्य होते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचे प्रमाण निदान ४.५ ला १ असावे, असे आंतरराष्ट्रीय सुगम्यतेचे निकष सांगतात. आपल्या ग्राहकांचा विचार करता मी यापेक्षाही पुढे जाऊन सरळ पांढऱ्यावर काळे ठेवीन.

मराठी मजकुराला आणखी दोन-तीन गोष्टी लागतात. २०१३ ची वेबसाइट असेल तर तिच्यातला मराठी मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये किंवा चक्क चित्राच्या रूपात असण्याची शक्यता बरीच आहे. तसे असेल तर तो गुगलला नीट वाचता येत नाही, चित्रातला असेल तर मोठा केल्यावर अस्पष्ट होतो, आणि फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्या जागी निरर्थक अक्षरे उमटतात. हा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घेणे याला पर्याय नाही. देवनागरीत वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, त्यात जोडाक्षरे, त्यामुळे इंग्रजीसाठी पुरेसा असलेला आकार आणि ओळींतले अंतर मराठीला अपुरे पडते. मी मजकूर १८ पिक्सेलचा आणि ओळीची उंची अक्षराच्या किमान दीडपट ठेवतो. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त यांसारखे फॉन्ट मोफत आणि स्वच्छ आहेत, पण त्यांची साधी आणि ठळक अशी दोनच वजने घ्यावीत, कारण प्रत्येक वजनाची फाइल वेगळी उतरते. खेतिया-पानसेमलकडचे ग्राहक असतील तर मोटारी आणि ठिबकाची पाने हिंदीतही असावीत. अहिराणीतली एखादी स्वागताची ओळ मनाला नक्की भिडते. दर आणि तांत्रिक माहिती मात्र प्रमाण मराठीतच द्यावी, म्हणजे शोधताना सापडेल.

नंबराविषयी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी जळगावातल्या एका सराफी दुकानाची वेबसाइट माझ्याकडे दुरुस्तीसाठी आली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर होती, घरोघरी लेकी माहेरी यायच्या होत्या, खरेदीचे दिवस होते, आणि मालकांची तक्रार अशी की वेबसाइटवरून कोणी विचारणा करीत नाही. मी मोबाईलवर उघडून पाहिले, तर दुकानाचा नंबर वरच्या सुंदर चित्राचाच एक भाग होता. त्यावर बोट ठेवून काही होत नव्हते. नंबर पाठ करायचा, बाहेर यायचे आणि मग लावायचा. आम्ही त्याच दिवशी पडद्याच्या तळाशी कायम राहणारी दोन बटणे दिली, एक फोनचे आणि एक व्हॉट्सअ‍ॅपचे, आणि पुढच्या आठवड्यात काउंटरवरच्या मुलांनी आपणहून सांगितले की, "वेबसाइटवर पाहिले" म्हणणारे फोन येऊ लागले आहेत. आपणही हेच सर्वांत आधी करावे. बटणे ४८ पिक्सेलपेक्षा लहान नसावीत आणि एकमेकांना चिकटलेली नसावीत, कारण शेतात काम करणाऱ्या माणसाचे बोट माउसच्या टोकाएवढे नसते.

चौकशीचा अर्ज ठेवणार असाल तर नाव, गाव आणि मोबाईल नंबर एवढेच विचारा. नंबराच्या रकान्यात बोट ठेवताच आकड्यांचा कळफलक उघडला पाहिजे, आणि रकान्यातले अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान नसावे, नाहीतर आयफोनवर पान आपोआप मोठे होऊन विस्कटते. मराठी आकड्यांत लिहिलेला नंबर आणि देवनागरीत लिहिलेले नाव "चुकीचे" म्हणून नाकारणारे अर्ज आपल्याच भागातल्या वेबसाइटवर पाहिले की मला मनापासून वाईट वाटते. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले स्वीकारणे ही किमान अपेक्षा आहे.

अ‍ॅप करू नका. अ‍ॅप उतरवून घ्यावे लागते, मोबाईलमध्ये जागा अडवते, आणि रोज किंवा निदान आठवड्याला लागणाऱ्या गोष्टीसाठीच माणूस ते ठेवतो. मोटार किंवा ठिबक संच शेतकरी काही वर्षांतून एकदा घेतो. गुगलवरील दुकानाची नोंद मात्र मोफत आहे, ती वेळा आणि फोटोंसह पूर्ण भरावीच. व्हॉट्सअ‍ॅपही चालू ठेवावे. पण ही दोन्ही दारे बहुतेक वेळा मोबाईलमध्येच उघडतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात पाठवलेला आपल्या वेबसाइटचा दुवा दाबणारा माणूस बहुधा मोबाईलवरच येतो, हे विसरू नये. ज्यांचे खरेदीदार कार्यालयात बसून निविदा आणि दरांची तुलना करतात, त्या डाळमिल किंवा पीव्हीसी पाइपच्या कारखान्यांसाठी संगणकावरचे रूपही नीट असावे लागते. आपल्या किरकोळ विक्रीत तो भाग लहान आहे.

डिझायनरांशी बोलताना काही गोष्टी आधीच ठरवून घ्या. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, आपल्या नावावर आणि आपल्या ईमेलवर आहे का, ते सर्वांत आधी तपासा. ते दुसऱ्याच्या नावावर राहिल्यामुळे चांगल्या चालत्या दुकानांना नाव सोडून द्यावे लागलेले मी पाहिले आहे. जुन्या पानांचे पत्ते बदलणार असतील तर प्रत्येक जुना पत्ता नव्याकडे वळवून द्यावा, म्हणजे इतक्या वर्षांत गुगलवर जे स्थान मिळाले ते वाया जात नाही. वेबसाइट फ्लॅश या जुन्या तंत्रावर असेल तर ती टाकूनच द्यावी लागेल, कारण डिसेंबर २०२० अखेर फ्लॅश बंदच झाले. वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या साधनावर असेल तर बहुधा चांगली थीम, म्हणजे तयार मांडणी, बसवून आणि मजकूर सुधारून काम भागेल, आणि खर्चही बराच कमी होईल. कोणी गुगलचे "मोबाईल-फ्रेंडली" प्रमाणपत्र दाखवले तर ते जुने आहे असे समजा. ते तपासणीचे साधन गुगलने डिसेंबर २०२३ मध्ये बंद केले. त्याऐवजी पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग तपासणाऱ्या साधनात मोबाईलचा निकाल मागा, आणि सर्च कन्सोल या गुगलच्या वेबसाइटमालकांसाठीच्या साधनातून गेल्या तीन महिन्यांत मोबाईलवरून किती लोक आले आणि संगणकावरून किती, हा तक्ता काढून घ्या. वडिलांना माझे म्हणणे पटवण्यापेक्षा आपल्याच दुकानाचा तो तक्ता दाखवणे अधिक योग्य होईल.

वेळापत्रकाविषयी माझी सूचना अशी आहे. तळाची फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपची बटणे आणि फोटोंच्या फाइलींचा आकार कमी करणे, ही दोन कामे याच आठवड्यात जुन्या वेबसाइटवरही होऊ शकतात. नवी मांडणी आणि युनिकोड मजकूर मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची केळीची, लागवड आटोपून दुकानातली गर्दी ओसरली की हाती घ्यावा आणि कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळा सरतानाच्या केळीच्या, लागवडीआधी पूर्ण करावा, म्हणजे ठिबकाची चौकशी सुरू होईल तेव्हा सगळे तयार असेल. पैसे चुकते करण्यापूर्वी दहा-बारा हजारांचा एखादा मोबाईल घ्या, वायफाय बंद करा, धडगावच्या रस्त्याला घाट सुरू होतो तिथवर जा, आणि दुपारी उन्हात उभे राहून आपल्याच दुकानातली पाच एचपीची मोटार शोधून पाहा. तिथे किंमत वाचता आली आणि एका बोटात फोन लागला, तर शेवटचा हप्ता द्यावा.